न्यूपोर्टच्या मैफलीचा संसार

१९६२ साली न्यू ऑर्लिन्समधल्या एका मोठ्या हॉटेलच्या मंडळींनी जॉर्ज वीन यांना बोलावून घेतलं. न्यूपोर्टला तुम्ही जॅझचा उत्सव भरवता, तसाच आमच्याही गावात भरवून द्या, ही त्यांची मागणी. मागणीत वावगं काही नव्हतं. न्यू ऑर्लिन्स हे जॅझचं माहेर, लुई आर्मस्ट्राँग त्याच गल्ल्यांतून वर आलेले. पण तिथले नियम असे, की गोरे आणि काळे वादक एका मंचावर वाजवू शकत नव्हते, श्रोते एकत्र बसू शकत नव्हते, आणि ड्यूक एलिंग्टनसारख्या कलावंताला गावातल्या चांगल्या हॉटेलात खोली मिळाली नसती. ज्यांचं संगीत, त्यांनाच उतरायला जागा नाही. बोलणी तिथेच थांबली.

आणखीही एक गोष्ट होती. वीन यांच्या पत्नी जॉईस कृष्णवर्णीय होत्या. लुइझियाना राज्यात गोऱ्या-काळ्यांचा विवाह तेव्हा बेकायदा होता. ज्या शहरात वीन यांनी उत्सव भरवावा असं तिथल्या लोकांना वाटत होतं, त्या शहरात वीन यांचा संसारच कायद्याला मान्य नव्हता.

न्यूपोर्टच्या उत्सवाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यात बहुधा वादक असतात, गाजलेल्या रात्री असतात, ध्वनिमुद्रिका असतात. मला लिहायचं आहे ते यजमानाबद्दल. आपल्याकडेही गावोगावच्या संगीत मंडळांत असा एक माणूस असतो. तो गवयाला स्टेशनवरून घेऊन येतो, पावत्या फाडतो, सतरंज्या घालून घेतो, बिदागीचं पाकीट जपून ठेवतो, आणि जमा कमी पडली तर गुपचूप पदरमोड करतो. त्याच्या घरी रात्री दोन वाजता कुणीतरी पिठलं-भात तयार ठेवलेला असतो, आणि ते कोण ठेवतं हे मंडळाच्या अहवालात कधी येत नाही. जॉर्ज आणि जॉईस वीन यांची गोष्ट ही त्याच जातीची आहे. फक्त तिचा मांडव फार मोठा होता.

जॉर्ज वीन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९२५ चा, मॅसॅच्युसेट्समधला. घर ज्यू, वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. मुलगा लहानपणापासून पियानो वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन आला, बॉस्टन विद्यापीठाची पदवी घेतली, आणि १९५० साली बॉस्टनच्या कोप्ली स्क्वेअर हॉटेलात त्याने ‘स्टोरीव्हिल’ नावाचा क्लब उघडला. नाव न्यू ऑर्लिन्सच्या एका जुन्या, बदनाम वस्तीचं होतं. या क्लबात बिली हॉलिडे गायल्या, चार्ली पार्कर वाजवून गेले. तरुण मालक स्वतः पियानोवर साथीला बसायचा. संयोजकाला वाद्याची अंगची ओळख असली की त्याच्या हिशेबाची जातच बदलते, असं माझं मत आहे. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्वांच्या पहिल्या पुण्यतिथीला महोत्सव सुरू झाला. पुढे अनेक वर्षं त्याचा भार वाहणारे भीमसेन जोशी स्वतःच गवई होते, म्हणून गवयाला काय लागतं हे तिथे वेगळं विचारावं लागलं नाही. वीन हे भीमसेनांच्या तोडीचे कलावंत नव्हते, आणि ते स्वतःच हे जाणून होते. पण वादकाच्या बोटांना थंडीत काय होतं, पियानो सुरात नसला की रात्रीची कशी माती होते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

न्यूपोर्ट हे र्‍होड आयलंड राज्यातलं समुद्रकाठचं छोटं गाव. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्यांनी तिथे उन्हाळ्यात राहायला महालासारखे बंगले बांधले. व्हँडरबिल्टांचा ‘द ब्रेकर्स’ त्यातलाच. या वस्तीत राहणाऱ्या ईलेन लोरिलार्ड या बाईंना उन्हाळा फार सुना वाटायचा. त्यांनी शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम करून पाहिले, ते चालले नाहीत. मग त्या बॉस्टनला वीन यांच्या क्लबात आल्या आणि जॅझचं काही करता येईल का, असं विचारलं. त्यांचे पती लुई यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. १७ आणि १८ जुलै १९५४ रोजी न्यूपोर्ट कसिनोच्या हिरवळीवर पहिला उत्सव झाला. नावावरून जुगाराचा अड्डा वाटेल, पण हा कसिनो म्हणजे टेनिसचा जुना क्लब. बिली हॉलिडे, एला फिट्झजेरल्ड, डिझी गिलेस्पी, ऑस्कर पीटरसन, लेस्टर यंग अशी नावं एका मांडवात आली. दोन दिवसांत दहा हजारांहून जास्त माणसं जमली. टेनिसच्या हिरवळीची अर्थातच वाट लागली, आणि पुढच्या वर्षी उत्सव फ्रीबॉडी पार्कात हलला.

यात नवं काय होतं, हे आज लक्षात येणं अवघड आहे. तोवर जॅझ मुख्यतः धुराने भरलेल्या क्लबात, दारूच्या पेल्यांच्या आवाजात आणि नाचघरात ऐकलं जायचं. सभागृहांतल्या मैफली होत होत्या, नॉर्मन ग्रांट्झ वादकांचे ताफे घेऊन गावोगाव फिरत होते. पण मोकळ्या आकाशाखाली, दोन-तीन दिवस, जुन्या पिढीच्या न्यू ऑर्लिन्स ढंगापासून थेट नव्या बीबॉपपर्यंत सगळी घराणी एकाच जागी, आणि श्रोते खुर्च्यांवर बसून फक्त ऐकताहेत, ही मांडणी वीन यांची. पुढे जगभर उघड्यावरचे जे संगीत महोत्सव निघाले, त्यांना हाच साचा मिळाला.

साच्याला प्राण आला तो काही रात्रींमुळे. १९५५ साली माइल्स डेव्हिस ऐन वेळी कार्यक्रमात घेतले गेले. त्यांनी थेलोनियस मंक यांच्यासोबत वाजवलेल्या एका रचनेने श्रोते भारावले, आणि कोलंबियासारख्या बड्या कंपनीशी त्यांचा करार होण्याची वाट मोकळी झाली. ७ जुलै १९५६ ची रात्र तर जॅझच्या इतिहासात कोरलेली आहे. ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद त्या काळात मागे पडल्यासारखा झाला होता. मध्यरात्र होत आलेली, माणसं घरी निघालेली. तेवढ्यात पॉल गोन्साल्व्हिस या सॅक्सोफोनवादकाने एका रचनेच्या मधल्या भागात सुरावट उचलली आणि थांबायचं नावच घेईना. सत्तावीस आवर्तनं. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचू लागली, मग माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. दंगा होईल या भीतीने वीन कडेला उभे राहून एलिंग्टनना आवरतं घ्यायच्या खुणा करत होते. एलिंग्टनांनी बोट हलवून त्यांनाच गप्प केलं. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकले.

या प्रसंगात मला वीन यांची ती भीती महत्त्वाची वाटते. गवई रंगला की श्रोत्याला फक्त गाणं दिसतं. त्याच क्षणी संयोजकाला कुंपण दिसतं, पोलीस दिसतात, उद्याचा परवाना दिसतो. रंगात न रंगण्याची शिक्षा त्याने स्वतःहून घेतलेली असते.

ती भीती खोटी नव्हती. १९६० च्या जुलैत तिकिटं न मिळालेली आणि बिअर प्यायलेली हजारो तरुण पोरं गावात घुसली. डबे, बाटल्या फेकल्या गेल्या, अश्रुधूर सोडला गेला, राज्याचं राखीव सैन्यदल बोलवावं लागलं. नगर परिषदेने उरलेला उत्सव रद्द केला. रविवारी दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला. मडी वॉटर्स यांची त्या दुपारची ध्वनिमुद्रिका आजही ऐकतात. उत्सवाच्या मंडळावर असलेले कवी लँग्स्टन ह्यूज यांनी तिथेच तारेच्या कागदावर न्यूपोर्टचा निरोप घेणारं एक ब्लूज गीत लिहिलं, आणि पियानोवादक ओटिस स्पॅन यांनी ते लगोलग गाऊन टाकलं.

त्याच दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला, क्लिफ वॉक मॅनर या हॉटेलात, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी बंडखोरांचा वेगळा उत्सव मांडला होता. मोठ्या नावांना मोठी बिदागी आणि बाकीच्यांना चिल्लर, गर्दी खेचणाऱ्यांना मान आणि नवं शोधणाऱ्यांना कोपरा, ही त्यांची तक्रार. ती खरी होती. वीन यांच्यावर प्रेम असूनही मला हे लिहिलं पाहिजे. उत्सव वाढला, तशी तिकीट-खिडकी कार्यक्रमपत्रिका ठरवू लागली होती.

पण वीन टिकले. १९६१ साली न्यूपोर्टचा कार्यक्रम दुसऱ्यांनी केला. १९६२ साली वीन परतले ते आता धनिकांच्या मंडळाचे नोकर म्हणून नव्हे, तर स्वतःच्या जबाबदारीवर. तोटा झाला तर घरचा. घर म्हणजे आता दोघांचं होतं.

जॉईस अलेक्झांडर बॉस्टनच्याच. अतिशय हुशार मुलगी, एकोणिसाव्या वर्षी सिमन्स कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेली. आधी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जीवरसायनशास्त्रात काम केलं. जॅझच्या ओढीने दोघांची ओळख झाली ती चाळीसच्या दशकात. लग्न झालं १९५९ साली. मधली दहाहून जास्त वर्षं कशी गेली असतील, हे त्या काळची अमेरिका ठाऊक असणाऱ्याला सांगावं लागत नाही. गोऱ्या ज्यू डॉक्टरचा मुलगा आणि काळी मुलगी. देशातल्या कितीतरी राज्यांत हे लग्न गुन्हा होतं, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत तो गुन्हाच राहिला.

लग्नानंतर जॉईस प्रयोगशाळा सोडून उत्सवात आल्या. हिशेब, माणसं, प्रवास, कुणाला कुठे उतरवायचं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाला आज एकटं सोडायचं. त्या जॉर्ज यांच्या कंपनीच्या उपाध्यक्ष होत्या, पण वादकांच्या लेखी त्या घरच्या होत्या. काळ्या वादकाला गोऱ्या संयोजकाविषयी जी जुनी, रास्त शंका असते, ती जॉईस समोर आल्या की निम्मी विरघळायची. हे मी जॉईस यांचा मोठेपणा म्हणून सांगतोच, पण जॉर्ज यांचाही. कारण त्यांनी पत्नीला कधी मागे ठेवलं नाही. जिथे जॉईस यांना मान नाही, तिथे ते गेले नाहीत.

१९५९ सालीच वीन यांनी न्यूपोर्टला लोकसंगीताचाही उत्सव सुरू केला होता. पहिल्याच वर्षी जोन बाएझ ही अठरा वर्षांची मुलगी तिथे पाहुणी म्हणून गायली. १९६३ साली पीट सीगर, थिओडोर बिकेल यांच्यासोबत वीन यांनी तो नव्याने मांडला, आणि त्यातली एक गोष्ट मला फार भावते. सगळ्यांना बिदागी एकच : पन्नास डॉलर आणि जाण्यायेण्या-राहण्याचा खर्च. बॉब डिलन असो की मिसिसिपीच्या शेतातून आलेला म्हातारा गिटारवाला. उरलेला पैसा लोकसंगीताच्या कामाला. गावोगाव माणसं पाठवून विसरलेले कलावंत शोधून काढले गेले. १९६५ साली डिलन विजेची गिटार घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांत गदारोळ झाला, हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. मला त्यापेक्षा ते पन्नास डॉलर लक्षात राहतात. मिंगस आणि रोच यांच्या तक्रारीला वीन यांच्याकडून मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर तेच होतं, जरी ते जॅझच्या मांडवात नाही, शेजारच्या मांडवात दिलं गेलं.

१९६९ साली मात्र त्यांची चूक झाली. जॅझच्या उत्सवात त्यांनी लेड झेपेलिनसारखे रॉक वृंद घेतले. गर्दी आली, ती आवरेना. पुढे १९७१ च्या जुलैत डिऑन वॉरविक गात असताना टेकडीवरच्या फुकट्या जमावाने कुंपण पाडलं, मंचाची नासधूस केली आणि उत्सव अर्ध्यात संपला. गावाने दार बंद केलं. अठरा वर्षांचं काम एका संध्याकाळी मातीत गेलेलं पाहून दुसरा कुणी पियानो शिकवायला लागला असता. वीन पुढच्याच वर्षी न्यूपोर्टचं नाव घेऊन न्यूयॉर्कला गेले, आणि कार्नेगी हॉलपासून यँकी स्टेडियमपर्यंत मिळेल त्या जागी जॅझ नेलं.

पण तोवर न्यू ऑर्लिन्सचं दार उघडलं होतं. ते सहज उघडलं नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिथल्या मंडळींनी पुन्हा विचारणा केली होती. मग वीन यांची पत्नी कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर काम दुसऱ्याला दिलं गेलं, असं वीन यांनी पुढे सांगितलं आहे. अखेर १९७० च्या एप्रिलमध्ये तो योग आला. न्यूपोर्टची नक्कल इथे चालणार नाही, हे वीन यांनी ओळखलं. बाहेरची मोठी नावं आणून उपयोग नाही, या शहराचं संगीत या शहरातच आहे. त्यांनी क्विंट डेव्हिस आणि ॲलिसन मायनर या दोन तरुणांना हाताशी धरलं. त्यांनी पायी हिंडून चर्चमधले गायक, रस्त्यावरचे ब्रास बँड, ब्लूजवाले, फ्रेंच वळणाचं केजन संगीत वाजवणारे गोळा केले. सोबत गंबो, झिंग्यांचे पदार्थ, हस्तकलेची दुकानं. जागा निवडली ती काँगो स्क्वेअर, जिथे गुलामगिरीच्या काळात काळी माणसं रविवारी ढोल वाजवायला जमत.

पहिल्या वर्षी श्रोते आले जेमतेम साडेतीनशे. वादक त्याच्या दुप्पट असतील. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाने पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला असता. पण त्याच दिवसांत इथल्याच लेकीने, महालिया जॅक्सन यांनी, समोरून आलेल्या युरेका ब्रास बँडबरोबर उत्सवाच्या मैदानातच गायला सुरुवात केली, आणि वीन यांना हे टिकणार याची खात्री पटली. १९७२ साली हा उत्सव घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेला. आज दर वर्षी तिथे काही लाख माणसं येतात. न्यूपोर्ट अधिक प्रसिद्ध असेल, पण माझ्या मते वीन यांचं सगळ्यात मोठं काम हेच. ज्या शहराने त्यांचं लग्न नाकारलं, त्या शहराला त्यांनी त्याचंच संगीत मांडव घालून परत दिलं.

मधल्या वर्षांची यादी लांब आहे. फ्रान्समधल्या नीसचा उत्सव, युरोपभरचे दौरे, १९७८ साली व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या यजमानपदाखाली झालेली मैफल. त्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या चार्ल्स मिंगस यांना टाळ्यांच्या कडकडाटात रडू कोसळलं. मोठ्या कंपन्यांची नावं उत्सवाला जोडून पैसा उभा करायचा प्रघातही वीन यांनीच रुळवला. बिअर, सिगारेट, ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपन्या. सिगारेटचं नाव मला खुपतं. पण त्या पैशाने जॅझला जी वर्षं मिळाली, तीही खरी आहेत.

आपल्या मुंबईनेही त्याच १९७८ साली धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, निरंजन झवेरी आणि त्यांच्या सोबत्यांची ‘जॅझ यात्रा’ पाहिली. मुंबईला जॅझ नवं नव्हतं. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात काळे अमेरिकन वादक वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी बसून शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे वाद्यमेळ रचले. रंगभवनच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना न्यूपोर्टचं नाव परकं नव्हतं.

१९८१ साली न्यूपोर्टने वीन यांना परत बोलावलं. जागा समुद्रकाठच्या फोर्ट ॲडम्स या जुन्या किल्ल्याची. तिथे उत्सव आजही भरतो.

या दांपत्याला मूल झालं नाही. त्यांच्या घरात होती ती चित्रं. आफ्रिकी अमेरिकी चित्रकारांची कामं बाजारात फारशी कुणी विचारत नव्हतं, तेव्हापासून दोघांनी ती जमवली. रोमेर बेअर्डन, जेकब लॉरेन्स, नॉर्मन लुईस. २००५ साली बॉस्टन विद्यापीठात या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जॉईस गेल्या. सेहेचाळीस वर्षांचा संसार.

दोन वर्षांनी वीन यांनी कंपनी विकली. वय ऐंशीच्या पुढे, विकणं साहजिकच होतं. पण घेणाऱ्यांचा व्यवसाय बुडाला आणि २००९ चा उत्सव होणार नाही अशी वेळ आली. त्र्याऐंशी वर्षांचे वीन परत उभे राहिले आणि पुन्हा पदरमोड करून तो पार पाडला. पुढे त्यांनी न्यूपोर्टचे दोन्ही उत्सव ना-नफा न्यासाकडे सोपवले, म्हणजे कुणा एकाच्या मृत्यूने किंवा दिवाळ्याने ते बंद पडू नयेत. नव्वदीतही छोट्या गोल्फगाडीतून ते एका मंचाकडून दुसऱ्या मंचाकडे फिरायचे, तरुण वादकांना ऐकायचे, पसंत पडलं तर थांबायचे. २०२१ च्या उत्सवाला त्यांना जाता आलं नाही, तेव्हा फोनवरून श्रोत्यांशी बोलले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला, पंच्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं.

जॉईस गेल्यानंतर जॉर्ज यांनी हार्लेममधल्या स्टुडिओ म्युझियममध्ये आफ्रिकी अमेरिकी कलावंतांसाठी पन्नास हजार डॉलरचा पुरस्कार ठेवला. त्याला नाव दिलं ते जॉईस अलेक्झांडर वीन यांचं.